घराण्याचा ताठ कणा

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

आई म्हणाली, आधी साष्टांग नमस्कार लिही. लिहिला. प्रत्यक्ष घालायची वेळ आली तर अवघड आहे, कारण हल्ली मी एकदा जमिनीवर आडवी झाले की उठवायला दोन माणसं लागतात. पत्र लिहायचं कारणही तेच.

मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. आपण एकदाच भेटलोय, बाबा गेले तेव्हा. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि पाण्याचा घोटही न घेता परत गेलात. फोन नंबर मागायचं राहून गेलं. पत्ता मात्र आईला तोंडपाठ निघाला, कसा ते तिलाच ठाऊक.

मी लिफ्ट दुरुस्त करते. हसू नका, सगळेच हसतात. कंपनीत मला ‘वरखाली’ म्हणतात. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचं, वाकायचं, अंग चोरून तारांपर्यंत हात न्यायचा, हे माझं रोजचं काम. पण गेली काही वर्षं सकाळी उठले की कंबर लाकडासारखी झालेली असते. कामाला लागले की सैल पडते आणि सुटीच्या दिवशी लोळत राहिले तर दुप्पट आखडते. ज्याला विचारावं तो म्हणे आराम कर. मी आराम केला आणि वाट लावून घेतली. गादी बदलली, उशी बदलली, डॉक्टर बदलले. सासूबाई म्हणाल्या, आता नवराच काय तो बदलायचा राहिलाय.

शेवटी सांध्यांच्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पडून राहिल्यावर बरं वाटतं, की हललं-चाललं की?” इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडावंसं वाटलं, पण तेवढं वाकता येईना.

आजाराचं नाव लांबलचक आहे. शरीराचे पहारेकरी परक्यांवर धावून जायचे सोडून आपल्याच मणक्यांच्या सांध्यांवर धावून जातात. दुर्लक्ष झालं तर बऱ्याच वर्षांनी मणके एकमेकांना चिकटून कणा सलग काठीसारखा होतो. माझं वेळेत कळलं. औषध सुरू झालंय आणि चांगलं लागू पडायला लागलंय, काळजी नसावी. माझ्या रक्तात एक गुण सापडला, बी-सत्तावीस नावाचा. तो जन्मतःच आईकडून नाहीतर बाबांकडून येतो. बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला पाठीचं असं काही? मला काहीच सांगता येईना. बाबा नाहीत, आणि होते तेव्हाही ते आजोबांबद्दल, म्हणजे अण्णांबद्दल, चकार शब्द काढत नसत.

आणि आत्या, आम्हाला मूल हवंय. पण मी त्याला काय देणार आहे ते कळल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. नवरा म्हणतो, जे होईल ते दोघं मिळून बघू. मी म्हटलं, थांब, आधी आत्याला विचारते.

तुमची भाची


१४ फेब्रुवारी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

आत्या म्हणतेस आणि वर तुम्ही-आम्ही काय लावलं आहेस? आत्याला अगं-तुगंच करतात. पुढच्या पत्रात ‘तुम्ही’ दिसलं तर न वाचता परत पाठवीन.

औषध लागू पडतंय हे वाचून जीव भांड्यात पडला. त्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग.

आता तुझा प्रश्न. आपल्या घराण्यात आणि पाठीचं दुखणं? अगं, ताठ कणा हीच तर आपली एकुलती एक स्थावर मालमत्ता! ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही बाकीच्यांच्या घरी नुसती म्हण असेल, आपल्याकडे तो अण्णांचा नित्यक्रम होता. तुझे आजोबा वाचनालयात ग्रंथपाल होते, एवढं तरी तुला माहीत असेल. वाचक त्यांना मागे ‘खांब’ म्हणायचे. एकदा वाचनालयाचे नवे अध्यक्ष आले. झाडून सगळे कमरेत वाकून नमस्कार करतायत आणि अण्णा जागच्या जागी उभे, नुसते हात जोडून. मिळायची बढती हातची गेली. घरी येऊन म्हणाले, “आमच्या घराण्यात वाकत नाहीत.” आम्हा पोरांची छाती फुगली.

त्यांनी कपाटांचे खालचे कप्पे रिकामे करून घेतले होते. पुस्तक पायाशी ठेवायचं नाही म्हणून. वरचेही रिकामे, कारण ज्ञान माणसाच्या डोळ्यांसमोर असावं. अख्खं वाचनालय मधल्या दोन कप्प्यांत कोंबलेलं. एक पुस्तक ओढलं की चार अंगावर यायची. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

तेव्हा हे तुझं दुखणं तुझ्या आईच्या माहेरचं असणार. विचारून बघ.

माझं म्हणशील तर मी चष्म्याच्या काचा घासते, दिवसभर मान खाली घालून. नवरा गेल्यापासून दुकान मीच बघते. सत्तावन्न वर्षांची आहे आणि चष्म्याचा स्क्रू जमिनीवर पडला तर गुडघे न वाकवता उचलते. मुलगा, म्हणजे तुझा आतेभाऊ, त्याला आम्ही लंबू म्हणतो, तोही धडधाकट. एक डोळा तेवढा वर्षातून दोन-तीनदा लाल होतो, दुखतो, उजेड नको म्हणतो. आईचं चष्म्याचं दुकान आणि पोराचे असे डोळे! मी थेंब घालते, काही दिवसांनी उतरतं.

अण्णांबद्दल मी फारसं बोलत नाही. मी घर सोडून निघाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. विषय तिथे मिटला. तू विचारलंस म्हणून एवढं लिहिलं.

आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

परवानगी मिळाल्याबरोबर वापरतेय. तू. तू. तू.

आईची रक्ततपासणी केली. तिच्यात बी-सत्तावीस नाही. ती म्हणाली, “सांग तुझ्या आत्याला, माझं माहेर निर्दोष सुटलं!” म्हणजे माझ्याकडे तो बाबांकडूनच आला. बाबा तर शेवटपर्यंत मला उचलून नाचायला तयार असायचे. मग बाबांकडे कुठून आला?

रागावू नकोस, पण तुझं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. मला वाटलं, हसतील. कप्प्यांच्या गोष्टीवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “एवढं परत वाचा.”

आत्या, आता मी विचारते ते कृपा करून आठवून सांग. अण्णा बुटांच्या नाड्या स्वतः बांधायचे का? पेल्यातला शेवटचा घोट कसा प्यायचे? मागून कुणी हाक मारली तर वळून कसे बघायचे, मानेने की सगळ्या अंगाने?

बाईंनी मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचा नमुना जणू तबकात ठेवून पहारेकऱ्यांना दाखवत असते. ओळखीचं दिसलं तर ते पुढे जातात, परकं दिसलं तर मारतात. या तबकाचा आकार आईवडिलांकडून येतो आणि तो घराघरांत वेगवेगळा असतो, म्हणून तर माणसाची जात साथींतून टिकून राहिली. बी-सत्तावीस हे तबक काही विषाणूंना पकडून देण्यात चांगलं हुशार आहे म्हणे. पण काही जणांत त्याच तबकामुळे पहारेकऱ्यांचा गोंधळ उडतो आणि ते घरच्याच माणसांना बडवतात. नेमकं का, ते अजून पुरतं कुणाला उमगलेलं नाही. हा गुण म्हणजे आजार नाही, नुसता कल आहे. तो अंगात असलेल्या बहुतेकांना जन्मभर काहीही होत नाही.

माझ्या मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मिळाला, तरी आई आजारी असलेल्या अशा दहा मुलांत एखाद-दुसऱ्यालाच पुढे आजार होतो. आकडे ऐकून बरं वाटतं. मग घरी येते आणि त्या एखाद-दुसऱ्याचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो. म्हणून मला आकडे नकोत, आपली माणसं कशी होती ते हवंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. लंबूदादाच्या डोळ्याचं वाचल्यावर बाईंनी खुर्ची पुढे ओढली. हे नेहमीसारखे डोळे येणं नसेलही, म्हणाल्या. या गुणाच्या काही माणसांना डोळ्याच्या आतून सूज येते आणि तिला साधे थेंब पुरत नाहीत. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने, आत्या. हे पत्र खाली ठेव आणि ने.

तुझी भाची


११ मार्च

चि. भाचीस,

तू माझ्या बापाला आजारी ठरवायला निघालीस? माणूस आयुष्यभर कुणापुढे झुकला नाही, बढतीवर पाणी सोडलं, आणि तू म्हणतेस हे तत्त्व नव्हतं, सांधेदुखी होती? उद्या म्हणशील, माझा स्वभाव तिखट आहे तो पित्तामुळे.

विचारलंस म्हणून सांगते. बुटांना नाड्या नव्हत्याच. अण्णा म्हणायचे, नाड्यांचे बूट पोरासोरांनी घालावेत. शेवटचा घोट ते कधीच प्यायचे नाहीत, पेल्यात तसाच ठेवायचे. आई म्हणायची, खानदानी माणूस पेला चाटूनपुसून पीत नाही. आणि हाक मारली की ते सगळेच्या सगळे वळायचे, कपाटाचं दार फिरावं तसे. आम्हाला त्याचा केवढा दरारा वाटायचा! सकाळी उजाडायच्या आत उठून अंगणात येरझाऱ्या घालायचे, तेही आम्ही शिस्तीत जमा केलं होतं.

हे लिहिताना माझा हात दोनदा थांबला, ते मी कबूल करते.

पण ऐक. मी चष्मेवाल्याशी लग्न ठरवलं ते अण्णांना पसंत नव्हतं असंही नाही. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी सासरी निघाले त्या दिवशी ते आणि तुझी आई मला बसस्टँडवर सोडायला आले. तुझी आई तेव्हा नवी नवरी. मी बसमध्ये बसले. अण्णा माझ्याकडे पाठ करून उभे. मी खिडकीतून हाक मारली. एकदा नाही, गाडी हलेपर्यंत मारत होते. साऱ्या स्टँडने वळून बघितलं, माझ्या बापाने मान वळवली नाही. मला त्यांची नुसती पाठ दिसली. पुढे तीन वर्षांत ते गेले, मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मीही त्याच घराण्यातली. मी त्या गावाचं नावच टाकलं. तुझा बाबा गेला तेव्हा आले तेवढीच.

याला तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे औषध आहे का? नसणार. तेव्हा हा विषय पुरे. लंबूचे थेंब चालू आहेत.

आत्या


२० मार्च

आत्या,

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ‘मान वळवली नाही’ इथे ती उठून आत गेली. बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज येत होता. भांडी घासलेलीच होती. मग हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “आता मी शब्द मोडते. लिही.” ती बोलली तसंच लिहितेय.

“अण्णा आदल्या दिवशी एकटेच स्टँडवर जाऊन आले होते. गाडी कुठे लागते, कुठून बाहेर पडते, सगळं विचारून आले. मला म्हणाले, ‘सूनबाई, मी बाहेरच्या फाटकाकडे तोंड करून उभा राहतो. गाडी माझ्या समोरून जाईल. ती मला दिसेल, मी तिला दिसेन. माझी मान वळत नाही हे तिला कळू द्यायचं नाही. कळलं तर तिचा पाय निघणार नाही.’ तोवर त्यांची मान अजिबात फिरेनाशी झाली होती गं. घरात फक्त मला माहीत होतं, कारण मी त्यांचे मोजे चढवायची. सासूबाईंनासुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं. तर त्या दिवशी फाटकात मालाचा ट्रक बंद पडला. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली आणि मागच्या फाटकाने काढली. वन्सं हाका मारत होत्या आणि अण्णा म्हणत होते, ‘आता येईल, आता समोरून येईल.’ मी म्हटलं, अण्णा, गाडी मागून चालली. ते पावलापावलाने वळले. वळेपर्यंत तिथे नुसता धुरळा.”

मी विचारलं, मग तू आत्याला का कळवलं नाहीस?

“मी म्हटलं होतं, पत्र टाकते. ते म्हणाले, ‘नको. रागावली असेल तर बरंच आहे. रागावलेलं माणूस नव्या घरी लवकर रुळतं.’ आणि माझ्याकडून शब्द घेतला. पाकिटावर पत्ता मात्र कितीदा तरी लिहिला मी. आत घालायला काही नव्हतं.”

आत्या, तू रागाव, नाही तर पत्रच लिहू नकोस, पण दादाचा डोळा दाखव.

तुझी भाची


१७ मे

माझ्या लाडक्या पोरी,

दोन महिने तुला तिष्ठत ठेवलं. कागद घेऊन बसायची आणि तसाच ठेवून द्यायची.

आधी लंबूचं. तुला रागाचं पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. माझं असंच आहे, तोंडाने नाही म्हणते आणि पायाने जाते. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि म्हणाले, बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटायला लागलाय. असेच आणखी काही झटके थेंबांवर काढले असते तर नजर गमावली असती. जन्मभर मी लोकांना नजर विकली आणि घरातल्या घरात आंधळेपणा चालू होता! नंतर त्यांनी लंबूला सहज विचारलं, “सकाळी कंबर आखडते का?” तो म्हणाला, “हो, दोन वर्षं झाली.” मी थक्क. म्हटलं, मेल्या, मला का नाही सांगितलंस? तर म्हणतो, “आई, आपल्या घराण्यात...” मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. भर दवाखान्यात ओरडले, “आपल्या घराण्यात आजपासून दुखलं की बोंबलायचं!” बाहेरची माणसं डोकावून गेली.

त्याच्यात बी-सत्तावीस निघाला. डोळा आता स्वच्छ आहे, पडदा सुटला, कमरेचं औषध सुरू आहे. काल सकाळी शीळ घालत जिना उतरला. मी काउंटरमागे उभी राहून ऐकत होते आणि तुझी आठवण काढत होते. पोरी, तू माझ्या मुलाचा डोळा वाचवलास. एका पत्रातल्या दोन ओळींवरून वाचवलास. हे उपकार मी फेडणार नाही. फेडायचे नसतात असले उपकार, जवळ ठेवायचे असतात.

आता अण्णा. तुझ्या आईचं बोलणं वाचलं तेव्हा दुकानात एक म्हातारेबुवा नंबर काढायला बसले होते. मी म्हटलं, खालची ओळ वाचा, आणि मलाच ती दिसेना. बुवा म्हणाले, “बाई, तुमचाच नंबर काढायला हवा.” मी दुकान बंद केलं आणि पोटभर रडले. मी कितीतरी वर्षं त्या पाठीवर राग धरला होता, आणि ती पाठ बिचारी मला बघायलाच उभी होती, चुकीच्या फाटकाकडे तोंड करून! आधी वाटलं, त्यांची मान वळत नव्हती हे खरं, पण वळवावीशी वाटत होती का, हे कुठल्या तपासणीत कळणार? मग म्हटलं, वेडे, जो माणूस आदल्या दिवशी जाऊन जागा बघून येतो, त्याला आणखी काय विचारायचं?

अभिमानी ते होतेच, हे तुझ्या बाईंना ठणकावून सांग. दुखणं लपवायला ज्याने अख्ख्या घराण्याला एक बाणा दिला तो काय साधा माणूस? पण किती दुखत असेल गं त्यांना. पहाटेच्या त्या येरझाऱ्या. आणि आम्ही पांघरुणातून बघून कौतुक करत होतो.

तुझ्या आईला सांग, वन्संचा तिच्यावर राग नाही. तिने शब्द पाळला तेही बरं केलं आणि मोडला तेही. ज्या पोरीने माझ्या बापाचे मोजे चढवले, तिला मी आजवर वहिनी म्हणून धड हाकही मारली नाही. ती मी येऊन मारणार आहे.

आणि तुझा प्रश्न मी विसरलेली नाही. लंबूचं कळल्यावर मी म्हटलं, माझंही रक्त तपासा. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही होत नाही, तुम्हाला गरज नाही. मी म्हटलं, मला नाही, माझ्या भाचीला आहे. तर ऐक. माझ्यात आहे तो. सत्तावन्न वर्षं माझ्या अंगात मुक्काम करून आहे आणि मला त्याने साधी उसणसुद्धा भरू दिली नाही. तुझ्या बाबातही होताच, तोही जन्मभर नाचला. तुला आकडे नको होते, आपली माणसं हवी होती ना? ही घे. एक खांब झाला, दोघं वाकून-नाचून जगलो, तुम्हा दोघांना दुखतंय आणि औषधाने बरं वाटतंय. एवढंच आहे आपल्या रक्तात, यापेक्षा भयंकर काही नाही. मुलाला तो गुण गेला तर गेला. अण्णांना दुखलं तेव्हा त्यांना एकट्याने उभं राहावं लागलं. तुझ्या मुलाला दुखलं तर पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते त्याच्या आईला पाठ असेल.

खूप खूप आशीर्वाद. जावईबापूंनाही.

तुझी आत्या


९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तू राहून गेल्यापासून घर उगाच मोठं वाटतंय. आई अजून दोन कप चहा जास्तीचा टाकते.

आज नाव घालायला प्रसूतीच्या डॉक्टरांकडे गेलो. हो, बरोबर वाचलंस. सगळं ठीक आहे. गरोदरपणात चालतील अशी औषधं सांध्यांच्या बाईंनी आधीच बदलून दिली होती. बाळाची त्या गुणासाठी तपासणी करायची का, असं मी विचारलं. दोघीही डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरज नाही, मोठं होऊन कधी दुखलं तर बघू. मलाही तेच हवं होतं. नवऱ्याने घरी येऊन पलंगाखाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं, पण तो रडत होता.

तिथे एक तरुण डॉक्टर माहिती विचारत होती. घरात कुणाला काही आजार? मागच्या वेळी या प्रश्नाला मी गप्प बसले होते. आज म्हटलं, बसा, सांगते. अण्णांपासून सुरुवात केली. रिकामे कप्पे, न प्यायलेला घोट, मोजे, तू, बाबा, दादाचा डोळा. ती लिहायचं थांबवून नुसतीच ऐकत राहिली. बाहेर रांग लागली तेव्हा कुठे भानावर आली आणि म्हणाली, “एवढं सगळं कोणाला माहीत असतं हो आपल्या घराबद्दल! ही आत्या जवळच राहते का?”

मी म्हटलं, “राहते लांब. पण जवळची आहे.”

तुझी भाची